बुकवाल्यांनी परत नेलेलं पुस्तक

‘म्हणून दाखवा.’

एवढंच म्हणायचं आणि पुस्तकावरचा हात काढायचा नाही, ही बुकवाल्यांची धंद्याची रीत होती. गिऱ्हाइकाने पैसे पुढे केलेले असायचे, पुस्तकाचं एक टोक त्याच्या हातात आलेलं असायचं आणि दुसरं टोक बुकवाले सोडत नसत. खोकल्यावर काय करायचं ते म्हणून दाखवा. अडुळशाची पानं किती, पाणी किती, मध गरम असताना घालायचा की निवल्यावर. गिऱ्हाईक अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. गाडीतली माणसं हसायची. मी घंटीच्या दोरीला धरून उभा असायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस धंदा करतोय की शाळा चालवतोय?

तुमच्याही येण्याजाण्याच्या वाटेवर असा कुणीतरी असेल. आपण त्याला रोज बघतो, थोडी चेष्टा करतो, आणि तो दिसेनासा झाला की चार दिवस चुकल्यासारखं होतं. माझं मात्र चार दिवसांत भागलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी तेव्हा नगर-पाथर्डी रस्त्यावर एस.टी.त कंडक्टर होतो. बुकवाले नगरात आमच्याच गल्लीत राहायचे, पण ओळख झाली ती गाडीत, आणि तीही भांडणाने. पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन ते चढले. मी ओझ्याचं तिकीट मागितलं.

‘यात ज्ञान आहे, कंडक्टर.’

‘ज्ञानाला वजन आहे का? असेल तर तिकीट काढा.’

‘हे छान बोललात,’ असं म्हणून त्यांनी निमूट तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही गठ्ठे मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, ‘आज गाडीला काही टेकलेलं नाही. सगळं माझ्या अंगावर आहे.’ आता अशा माणसाशी काय भांडणार? मी त्यांचा नाद सोडला.

एका गठ्ठ्यात रंगाचं पुस्तक असायचं आणि दुसऱ्यात औषधाचं. दोन्ही त्यांनी स्वतःच लिहिलेली. उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या आणि देवळांच्या भिंती रंगवण्यात गेलेलं. मग हात कापायला लागला. सरळ रेघ ओढायला जावं तर तिला लाटा यायच्या. पाट्यांचं काम सुटलं, तेव्हा त्यांनी रेघ कशी ओढावी यावर पुस्तक लिहिलं. ब्रश कसा धरावा, भिंत कशी घोटावी, काजळीपासून काळा रंग कसा करावा, गेरू कसा भिजवावा, पिवळ्यासाठी हरताळ कसा खलावा. हरताळ हा पिवळा जर्द दगड, पूड केली की हळदीसारखी दिसते, पण ते जहर आहे. जुने रंगारी तो वापरायचे.

‘स्वतःला येईना म्हणून लोकांना शिकवायला निघालात होय?’ मी एकदा चिडवलं.

‘येत होतं तेव्हा कसं येतं ते कुठे कळत होतं?’ ते म्हणाले. ‘हात कापायला लागला तेव्हा कळलं.’

औषधाचं पुस्तक खरं म्हणजे वहिनींचं. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणायचे. त्या पाथर्डीकडच्या, अक्षरशत्रू, आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांची पोटं त्यांच्या हातांनी चोळलेली. त्यांनी चुलीपुढे बसून सांगायचं आणि बुकवाल्यांनी लिहायचं, असं ते पुस्तक झालं. मी एकदा तिथे बसलो होतो. बुकवाल्यांनी कुठल्याशा भस्माचं नाव काढलं, तर वहिनींनी लाटणंच उगारलं.

‘ते काय बी लिवू नगा. पोरानं चुकून जादा खाल्लं तरी भ्या नसावं, तेवढंच लिवा. बाकीचं वैद्याला म्हाईत.’

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाथर्डीकडची माणसं कारखान्यांवर ऊस तोडायला जायची ती नेहमीचीच, पण त्या साली कोयतेही रिकामे आले. जो तो खडी फोडायला आणि रस्त्यांच्या कामावर. तिथेच पालं टाकलेली, तिथेच टँकरचं पाणी, तिथेच पोरं आजारी. डॉक्टर लांब. औषधाचं पुस्तक असं खपायला लागलं की बुकवाल्यांनाच भीती वाटायची. रंगाच्या पुस्तकाकडे कोण बघणार? तरी हट्टाने दोन्ही पुस्तकं त्यांनी पुन्हा छापायला टाकली. एकाच छापखान्यात, एकाच कागदावर, एकाच टायपात.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. छापखान्यातून पुस्तक पुस्तकासारखं येत नाही. मोठमोठे कागद येतात, एकेकावर बरीच पानं छापलेली. त्यांना फर्मे म्हणतात. त्यांच्या घड्या घालायच्या, फर्म्यावर फर्मा ओळीने ठेवायचा आणि दाभणाने टोचून शिवायचं. पुस्तकं बांधणारी माणसं त्या साली खडीवर गेली होती, म्हणून फर्मे घरी आले. बुकवाले दिवसभर बाजार करायचे आणि वहिनी घरी शिवायच्या. वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ होत्या. खिडकीखाली औषधाचे गठ्ठे, फडताळापाशी रंगाचे, आणि प्रत्येकाचा नंबर जमिनीवरच्या फरशीने ठरलेला.

मधेच वहिनींचा भाऊ गावाकडून बायकापोरं घेऊन आला. गावात प्यायला पाणी राहिलं नव्हतं. त्यांना निजायला जागा करायची म्हणून गठ्ठे उचलून कोपऱ्यात रचले, पाहुणे गेल्यावर पुन्हा मांडले. मांडताना औषधाचा एक आणि रंगाचा एक अशा दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. वहिनी पूर्वीसारख्याच मन लावून शिवत राहिल्या.

हे कळलं ते माझ्या गाडीत. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी बसले होते, वाद घालायची हौस असलेले. त्यांनी औषधाचं पुस्तक मागितलं. बुकवाले म्हणाले, म्हणून दाखवा.

‘मी शिक्षक आहे. मला काय म्हणायला लावता?’

‘मग वाचून दाखवा.’

एरवी बुकवाले सगळ्यांना पहिल्या पानावरचा खोकलाच वाचायला लावायचे. गुरुजींनी मुद्दाम मधलंच पान उघडलं आणि वर्गात वाचावं तसं खड्या आवाजात वाचलं, ‘हगवण लागली असता पाणी खळखळून उकळून निवू द्यावे. डाळिंबाची वाळलेली साल बारीक कुटावी. त्यात मीठ व साखर घालावी आणि’, इथे त्यांनी पान उलटलं, ‘हरताळ चांगला घोटून डिंकाच्या पाण्यात कालवावा.’ ते थांबले. ‘डिंक? अहो, जुलाब काय चिकटवणार आहात?’

गाडी खो खो हसली. मीही हसलो. बुकवाले हसले नाहीत. त्यांनी गुरुजींच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, ते पान पाहिलं, मग गठ्ठा सोडून दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. काही नीट होती, काही तशीच. हरताळ विषारी आहे हे रंगाच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, पण ते आधीच्या फर्म्यात. इथे ते नव्हतं. इथे वाक्य असं जुळलं होतं की शंका यायला जागाच नव्हती.

‘गाडी थांबवा,’ ते म्हणाले. भर उन्हात, गाव ना घर अशा जागी ते उतरले आणि गठ्ठे गाडीतच राहिले.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चेहरा ओळखू येत नव्हता. ‘तुम्ही ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी गावोगाव जाता. एवढा निरोप पोचवा. औषधाच्या बुकातलं हगवणीचं काही करू नका. मी येतोय, मला पुस्तक दाखवा.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘आणि आमच्या घरात सांगू नका कसं झालं ते. मी छापखान्याची चूक म्हणून सांगितलंय. तिला खरं कळलं तर ती पुन्हा कुणा पोराला हात लावायची नाही.’

आम्ही निरोप पोचवला. वहिनी रोज छापखान्याला शिव्या घालायच्या, ‘मेल्यांनी लोकांच्या जिवाशी खेळ मांडलाय,’ आणि बुकवाले मान खाली घालून जेवायचे.

ते दिवस मला आठवले की अजून अस्वस्थ वाटतं. हा माणूस गावोगावचे बाजार, खडीची कामं, पालं असं सगळं पायाखाली घालत होता. कुणाला पुस्तक विकलं याची कुठे नोंद नव्हती. नावं ठाऊक नव्हती, पण रंगाऱ्याची नजर, चेहरे ठाऊक होते. गाडीत बसून त्या कापऱ्या हाताने ते कागदावर चेहरे काढायचे आणि गावात उतरून दाखवत फिरायचे. ‘ही बाई ओळखता का? भुवईत खोक आहे.’ रेघा लटपटलेल्या, पण माणसं ओळखायची. ‘आरं, ही तर आपली चुलती की!’ म्हणून घेऊन जायची. तिथे ते पुस्तक मागायचे, मधलं पान उघडायचे आणि श्वास रोखून वाचायचे. नीट असलं तर हात जोडून परत द्यायचे. चुकीचं असलं तर ठेवून घ्यायचे आणि बदली रंगाचं पुस्तक द्यायचे, कारण औषधाची नीट होती ती केव्हाच संपली होती.

त्यामुळे गंमत अशी झाली की ऐन दुष्काळात आमच्या रस्त्यावर सगळीकडे चित्रकलेची पुस्तकं झाली. एका खडीच्या कामावर कुणीतरी पाण्याच्या टँकरवर गेरूने मोर काढला. मुकादम ओरडत होता आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी हे बुकवाल्यांना हौसेने सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘त्या कामावर औषधाचं पुस्तक कुणाकडे दिसलं का?’

एवढं फिरूनही कुठे काही वाईट घडल्याचं कानावर आलं नव्हतं. हरताळ मिळणार कुठे म्हणा, खायला रेशनवरची मिलो ज्वारी मिळायची मारामार. मी त्यांना तसं समजवायचो. ‘दुकानात असतो तो,’ ते म्हणायचे. ‘मला ठाऊक आहे कुठल्या दुकानात असतो.’

आणि मग एके दिवशी पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावाहून चढलेल्या दोन बायका बोलत होत्या. ‘बुकातलं अवशिद दिलं म्हनं, आन दोन दिसांत पोर गेली.’ माझ्या हातातला तिकिटं टोचायचा चिमटा तसाच राहिला.

मी हे त्यांना सांगितलं नसतं तर? तोही विचार करून पाहिला. पण त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याच गाडीने निघाले. गाडी त्या गावाला जाऊन थांबायची आणि तासाभराने परत फिरायची. ड्रायव्हरला सांगून मीही त्यांच्याबरोबर उतरलो. एकट्याला त्या घरात सोडवेना.

घर गावाच्या कडेला होतं. ओट्यावर म्हातारा सासरा बसलेला, दारात सासू, आणि आत भिंतीला टेकून पोरीची आई. रडून संपलेलं होतं सगळं. बुकवाल्यांना त्यांनी ओळखलं. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

‘पुस्तक बघायचं होतं,’ बुकवाले म्हणाले.

आईने उठून कोनाड्यातून पुस्तक काढून दिलं. ‘वाचनारी तीच हुती घरात,’ ती म्हणाली. ‘साळंत जायची.’

त्यांनी मधलं पान उघडलं. हात इतका कापत होता की मी पुस्तकाचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी एकदमच वाचलं. पाणी खळखळून उकळून निवू द्यावे. डाळिंबाची साल. मीठ, साखर. पान उलटलं. चमचा चमचा पाजत राहावे. भाताची पेज द्यावी. पुढे ताप, पुढे उलटी. सगळं जिथल्या तिथे. हरताळ नव्हता.

‘बरं झालं,’ बुकवाले म्हणाले.

ते तोंडातून निघून गेलं. त्या घरात, त्या बाईसमोर. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा असा खुलला होता की कुणालाही वाटावं, या माणसाला काहीतरी आनंदाचं कळलंय.

‘काय बरं झालं?’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘पुस्तक... हे चुकीचं नाही. बरोबर आहे.’

सासू दारातून आत वळली. ‘म्हंजी बुक बरुबर हाय,’ ती सावकाश म्हणाली. ‘मंग चुकलं कुनाचं?’

आणि सगळे सुनेकडे बघायला लागले.

ती खाली बघत होती. ‘सरपान न्हवतं,’ ती म्हणाली. ‘गवऱ्या न्हवत्या. एक भाकर भाजंल येवढंच जळन हुतं. टँकरचं पानी हुतं तसंच दिलं. तुमी बाजारात माझ्याकडनं म्हनून घ्येतलं हुतं, दादा. पानी उकळून, निववून. माज्या ध्यानात हुतं. ध्यानात असून मी तसंच दिलं.’

मी बुकवाल्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पुन्हा मिटला होता. त्यांनी ते पान परत उघडलं आणि डोळ्यांजवळ नेलं, जसं काही मघाशी नीट दिसलं नव्हतं.

‘थांबा,’ ते म्हणाले. ‘मी नीट वाचलं नाही. इथे उकळायचं लिहिलेलंच नाही. पाणी घ्यावे, एवढंच आहे.’

‘पन तुमी तोंडानं...’

‘ते खोकल्याचं, बाई. काढा उकळायचा असतो. हगवणीला उकळायचं मी कुणालाच सांगितलं नाही. मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं. पुस्तकात राहिलं, ती माझी चूक. तुमची नाही.’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ‘खरंच न्हवतं लिवलेलं?’

‘नव्हतं. हे बघा.’ आणि त्यांनी ते पान तिच्यापुढे धरलं. तिला काय वाचता येणार होतं? त्या घरात आता कुणालाच येत नव्हतं. मला येत होतं. मी ओळीवर बोट ठेवू शकलो असतो. मी उंबऱ्याकडे बघत उभा राहिलो.

म्हातारा उठला आणि त्याने बुकवाल्यांचा सदरा धरला. ‘म्हंजी तुज्या बुकानं नेली आमची पोर!’ मी मधे पडायला गेलो, तर बुकवाल्यांनी हातानेच मला थांबवलं. म्हाताऱ्याने त्यांना ओट्यावरून खाली ढकललं. सासू शिव्या देत होती. आतून, इतका वेळ गप्प असलेल्या त्या आईचा हंबरडा ऐकू आला. बुकवाल्यांनी पुस्तक तेवढं सोडलं नाही. छातीशी धरून ते गाडीकडे चालायला लागले.

‘अहो, ते पुस्तक बरोबर होतं,’ मी वाटेत म्हणालो.

‘हळू बोला.’

‘मग परत कशाला आणलंत?’

‘उद्या कुणी वाचणारा त्या घरात गेला तर?’

गाडी सुटल्यावर ते आपणहून बोलले. ‘कंडक्टर, पोर गेलेल्या घरात मला बरं वाटलं हो. किती बरं वाटलं ते तुम्हाला नाही कळायचं.’ मी तिकिटं द्यायला पुढे गेलो.

आमचा निरोप पोचायला किती दिवस लागले होते! ही बातमी मात्र आठवडी बाजारात त्यांच्या आधी पोचली. बुकवाल्याच्या बुकाने पोर मेली. लोकांनी त्यांना उभं राहू दिलं नाही. एका गावात गठ्ठा विहिरीत फेकला, कोरड्या. त्यांनी कुठेही खुलासा केला नाही. एका ठिकाणी खरं सांगितलं तर ते त्या घरापर्यंत जाईल, ही धास्ती.

पण सगळ्यात वाईट घरी झालं. वहिनींना गल्लीतूनच कळलं. मी गेलो तेव्हा त्या चुलीपुढे उभ्या होत्या.

‘मी उकळून म्हनले हुते. तुमच्याम्होरं म्हनले हुते. तुमी लिवलं न्हाई?’

‘राहून गेलं,’ बुकवाले म्हणाले.

‘ऱ्हाऊन गेलं? लेकराचा जीव गेला, आन ऱ्हाऊन गेलं?’

मला राहवलं नाही, मी तोंड उघडलं. बुकवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालून बाहेर पडलो. त्या दिवसापासून वहिनी त्यांना जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. गल्लीतली पोरं मात्र त्यांच्याकडे पोट चोळून घ्यायला जात राहिली आणि त्या चोळत राहिल्या. आतल्या खोलीतून बुकवाले ते ऐकत असायचे.

दुष्काळ सरता सरता दोघांनी घर सोडलं. कुठे गेले ते कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणालं वहिनींच्या भावाकडे, कुणी म्हणालं लांब कुठे चुना मारायच्या कामावर. चुना मारायला सरळ रेघ लागत नाही. मी पुढे कितीतरी वर्षं त्याच रस्त्यावर होतो, पण ते माझ्या गाडीत पुन्हा चढले नाहीत.

पाऊसपाणी सुधारल्यावर एकदा त्या गावाहून ती बाई चढली. कडेवर तान्हं होतं, अंगाने भरली होती, शेजारणीशी हसून बोलत होती. मला तिने ओळखलं. मी तिकीट विचारलं, तशी तिने तान्ह्याला या हातावरून त्या हातावर घेतलं.

‘तुमच्या संगट आल्ता त्यो बुकवाला हाय का मेला?’

‘माहीत नाही, बाई.’

‘मुडदा बसविला त्येचा! धड लिवता येत न्हाई तर कशाला लिवायचं मानसानं? माजी शानी पोर नेली त्येच्या बुकानं.’ आणि मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं तिने ते सांगितलं, पहिल्यापासून. बुकात पाणी उकळायचं लिहिलंच नव्हतं, ते त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, म्हाताऱ्याने त्याला कसा ढकलला. आजूबाजूच्या बायका च् च् करत होत्या, त्याला शिव्या देत होत्या. सांगून झाल्यावर तिने पदराने तान्ह्याचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘तुमी तर हुता तितं. सांगा की ह्यास्नी. चुकलं का न्हाई त्येचं?’

गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

‘चुकलं बाई,’ मी म्हणालो. ‘त्याचंच चुकलं.’

आणि तिकीट तिच्या हातात देऊन मी पुढच्या बाकाकडे वळलो.